भाच्याचा दम

हुतूतूत पकड करणाऱ्याच्या तोंडात माती जाते. चढाई करणारा दोघातिघांना शिवून, उडी मारून मध्यरेषा ओलांडतो तेव्हा लोक टोप्या उडवतात. कोपऱ्यातला माणूस मात्र पालथा पडून कुणाचा तरी घोटा दोन्ही हातांनी आवळून धरतो, वर बाकीचे सगळे कोसळतात, आणि ढिगाखालून उठून तो तोंडातली माती थुंकेपर्यंत लोकांचं लक्ष दुसरीकडे गेलेलं असतं. मी उजव्या कोपऱ्यात खेळायचो. तरुणपण माझं तिथंच गेलं.

यंदा मंडळाच्या पोरांनी मला मंडळाचा इतिहास लिहून मागितला. मंडळ निघालं तेव्हाचे आम्ही आता मोजकेच उरलोय, आणि त्यातला चार ओळी नीट लिहिता येणारा मी. त्यांना हवं ते मी लिहून दिलं. त्यात एक वाक्य असं आहे की, पुण्याच्या पहिल्या सामन्यात आपल्या मुख्य चढाईवाल्याचा दम ऐनवेळी तुटला आणि आपण हरलो. गाव इतकी वर्षं असंच सांगत आलंय, म्हणून मीही तसंच लिहिलं. तो दम का तुटला, ते इथं लिहितो.

आमचं गाव पौडाच्या रस्त्यापासून आत, डोंगराच्या कुशीत. सगळी भातशेती. गावात तालीम होती आणि तालमीत एक म्हातारे वस्ताद होते. कुस्तीला पोरं मिळेनाशी झाली. दूध-बदामाचा खुराक कुणाच्या घरात होता? हुतूतूला काही लागत नाही, मोकळी जागा आणि छातीत वारा. वस्तादांनीच एका संध्याकाळी आम्हाला तालमीबाहेर काढलं नि देवळापुढं राखेच्या रेघा मारून दिल्या. तेच मंडळ. गणवेश म्हणून आम्ही बनियन आणले आणि आयांनी ते दुकानातल्या रंगाच्या पुडीनं तांबडे करून दिले. घाम आला की रंग उतरायचा. सामना संपल्यावर घरी गेलो की माझी आई दचकायची, मग छातीवरून बोट फिरवून बघायची, रक्त आहे की रंग.

मंडळाचा कप्तान मीच होतो. तो येईपर्यंत सगळं माझंच होतं, असं मला वाटायचं.

तो म्हणजे माझ्या आत्याचा मुलगा. आत्याला मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला दिलेली. तिच्या सासरची चांगली जमीन कधीच पाण्याखाली गेली होती, उरलेल्या वरकसावर, डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर, घर चालायचं. नवरा गेला, दिरांनी नीट वागवलं नाही, तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, बैलगाडी घेऊन गेले आणि बहिणीला आणि भाच्याला घरी घेऊन आले. तो माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी लहान. बहिणीचा मुलगा म्हणून सगळं गाव त्याला भाचाच म्हणायला लागलं. म्हातारी माणसं भाचा म्हणायची, पोरंटोरंही भाचा म्हणायची. आमच्या घरात त्याला पहिली भाकरी वाढली जायची. पाहुणा म्हणून काही दिवस ठीक होतं. पण तो पाहुणा राहिला नाही आणि पहिली भाकरी त्याच्याच ताटात पडत राहिली.

लहानपणापासून धरणाच्या पाण्यात बुड्या मारून त्याचा दम असा झाला होता की ऐकणाऱ्याची छाती दुखावी. आम्ही 'हुतूतू' म्हणायचो ते तुटक, धापा टाकल्यासारखं. त्याचं हुतूतू म्हणजे फुलाभोवती भुंगा फिरतो तसा बारीक, सलग आवाज. ओठ जेमतेम हलायचे. त्या आवाजात तो समोरच्यांच्या अंगणात जायचा, फिरायचा, थांबायचा, कुणाकडे बघून हसायचासुद्धा.

तो आला त्याच वर्षी आबांनी आमचं घराजवळचं खाचर मंडळाला दिलं. भात निघालं की आम्ही त्यात हरभरा टाकायचो. तो बंद झाला. खाचरातलं धसकट काढलं, पाणी मारून जमीन चोपली, आणि मावळात तसं मैदान कुठं नव्हतं. मी मित्रांत छाती काढून सांगायचो, माझ्या बापानं दिलं. एकदा आई हरभऱ्यावरून कुरकुरत होती. मी म्हटलं, "आगं, मंडळाचा कप्तान हाय मी, बापानं तेवढं बी करू न्हाई व्हय?"

आई चुलीत फुंकर घालत म्हणाली, "तुझ्यासाठनं न्हाई काय दिलं. भाच्याचा जीव रमंना हितं, म्हून दिलंय."

तिनं ते सहज म्हटलं. पण मला ते असं लागलं की त्या दिवसापासून त्या खाचरात पाय टाकताना मला परक्याच्या शेतात शिरल्यासारखं वाटायचं.

आबा मोजकं बोलणारे. संध्याकाळी ते बांधावर बसून आमचा खेळ बघायचे, तंबाखू मळायचे. मी पकड केली तरी त्यांचा अंगठा तळहातावर फिरतच राहायचा. भाचा चढाईला निघाला की अंगठा थांबायचा. तो परत येईपर्यंत तंबाखू तशीच हातावर. मी कोपऱ्यात वाकून उभा असायचो, समोरच्यावर नजर हवी, आणि माझी नजर बांधावरच्या त्या अंगठ्यावर. कितीतरी वेळा मुद्दाम बघितलं, आणि दरवेळी तेच. हे कुणाला सांगणार? सांगितलं असतं तर लोक हसले असते. वयात आलेला पोरगा, लग्नाचं बघताहेत, आणि ह्याला बापाच्या अंगठ्याचं पडलंय.

सरावात मी त्याचा घोटा धरायचो तेव्हा गरजेपेक्षा जास्त पिळायचो. तो उठून हसायचा आणि लंगडत म्हणायचा, "दादा, पाय काय वरवंटा हाय का रं? सोड की!" त्याचं ते हसणंही मला सहन व्हायचं नाही. एकदा तरी चिडला असता तर बरं वाटलं असतं.

अशात बातमी आली की पुण्याच्या सामन्यांना खडकीकडच्या एका कारखान्याचे साहेब येतात आणि चांगला खेळणारा दिसला की कारखान्याच्या संघात घेतात. संघात घेतलं म्हणजे कायमची नोकरी. गावात चर्चा एकच: भाचा लागला. सामना व्हायचाय, नाव नोंदवायचंय, पण भाचा लागला! आबासुद्धा जेवताना आत्याकडं बघून म्हणाले, "भाचा लागला की आक्काची काळजी मिटंल." मी समोर बसून जेवत होतो. मलाही नोकरी हवी होती. मी सातवी पास होतो, तो चौथीतून सुटलेला. माझ्याकडं कुणी बघितलंही नाही.

नाव नोंदवायला मी कप्तान म्हणून सायकलवर पौडला गेलो. तालुक्याचं काम एका शाळेचे ड्रिलमास्तर बघायचे. त्यांनी नाव घेतलं आणि म्हणाले, "एक लक्षात ठेवा. यंदापासून पुण्याला हुतूतू चालणार नाही. कबड्डी म्हणायचं, तेही पंचाला स्वच्छ ऐकू जाईल असं. नाहीतर शिवलेला गडी बाद धरत नाहीत, वर पाळी जाते. आजपासून पोरांना सवय लावा. श्वास सगळा बदलतो."

मी हो म्हटलं. सायकलवर टांग टाकली तेव्हा त्यांनी मागून हाक मारली. "आणि तुमचा तो भाचा आहे ना, त्याला आधी सांगा. त्याच्यावरच आहे सगळं."

पौडातसुद्धा!

चढावर मी सायकलवरून उतरलो आणि हातात धरून चालायला लागलो. चढ तसा मोठा नव्हता, एरवी मी उतरत नसे. चालता चालता तोंडातल्या तोंडात एकदा हुतूतू म्हणून बघितलं, एकदा कबड्डी. हुतूतूत वारा दातांतून जरा जरा सुटतो, पुरवून पुरवून वापरता येतो. कबड्डीत ओठ मिटतात, जीभ आपटते, वारा भसकन जातो. जुनी सवय मोडून नवा दम बसवायचा तर महिने लागतात. भात नुकतं निघालं होतं. हातात पुरेसे महिने होते.

घरी आलो. आबा बैलांना वैरण टाकत होते. "काय म्हनले मास्तर?"

"काय न्हाई. नाव दिलं."

एवढंच. आधी ठरवून म्हटलं नाही, पण म्हटल्यावर बदललंही नाही.

मग सगळा हिवाळा मी ते पोटात घेऊन खेळलो. रोज संध्याकाळी तो भुंगा खाचरात फिरायचा. हुतूतू लांबत चाललं होतं, वस्ताद मान डोलवत होते. मी कप्तान. मीच त्याला सांगायचो, "वाढव, आजून वाढव. पुण्याला आसाच धर." तो दादानं सांगितलं म्हणून आणखी वाढवायचा. संघातल्या बाकीच्यांनाही मी बोललो नाही, कारण एकाला सांगितलं की त्याच्या कानावर जाणारच. आमचे दुसरे चढाईवाले आखूड दमाचे. त्यांना हुतूतू काय, कबड्डी काय, सारखंच. मारला जाणार होता तो एकटाच, आणि त्याच्याबरोबर संघ. संघाचं मला कळत होतं. कळूनसुद्धा गप्प होतो.

एकदा मात्र सगळं बाहेर पडायची वेळ आली. सूस गावचा संघ आमच्याकडं खेळायला आला. त्यांचा पहिला गडी मध्यरेषा ओलांडून आला तो "कबड्डी कबड्डी" करत. आमची पोरं खेळायचं सोडून हसायलाच लागली.

"आरं, ह्यो पोपट कुनी आनला?"

"पेरू द्या त्याला, पेरू!"

सूसचा गडी चिडला. "हसा लेको, पुण्याला गेल्याव कळंल!" पण हशात ते वाहून गेलं. खरं तर त्यानं आम्हाला शहाणं करायचाच प्रयत्न केला होता. आमच्या गावाला मात्र आपलं तेच खरं वाटायची खोड. नंतर कुणी तो विषयही काढला नाही, नकला मात्र दोन दिवस चालल्या.

एकट्या भाच्यानं विषय काढला. विहिरीवर हातपाय धुताना म्हणाला, "दादा, आपल्याला बी आसंच म्हनाया लागंल का रं पुण्याला?"

मी हसलो. त्याच्या पाठीवर पाणी उडवलं आणि म्हणालो, "त्येंचं त्येंच्यापाशी. आपन आपलं म्हनायचं."

पौडाहून येऊन गप्प बसलो ती चूक म्हणता आली असती, विसरलो म्हणता आलं असतं. विहिरीवर मात्र त्यानं विचारल्यावर मी खोटं बोललो. तिथून पुढं मला सबब राहिली नाही.

पुण्याच्या मैदानावर राखेऐवजी पांढऱ्या फक्कीच्या रेघा होत्या. आबा धुतलेलं पागोटं बांधून आले होते आणि दोरीजवळ बसले होते. खुर्च्यांवर कारखान्याचे साहेब. मैदानात उतरता उतरता, सगळे मुंडी खाली घालून जमिनीला हात लावत होते तेव्हा, मी हळूच म्हटलं, "हां, आज कबड्डी म्हनायचं सगळ्यांनी."

भाचा वळला. "काय?"

"पंच म्हनत्यात."

म्हणजे सांगितलं नाही असं मला कुणी म्हणू शकणार नव्हतं. इतकी काळजी मी घेतली होती.

पहिल्या चढाईला तो सवयीनं भुंग्यासारखा गेला, त्यांच्या दोघांना शिवून आला आणि शिट्टी वाजली. दोघंही परत आत. बाहेर कुणीतरी ओरडलं, "हुतूतू आलं रे, गावाकडनं हुतूतू आलं!" लोक हसले. आमची पोरं सूसच्या गड्याला हसली होती ना, अगदी तसंच. दुसऱ्यांदा तो कबड्डी म्हणत निघाला, पण गडी टप्प्यात येताच जीभ जुन्या वाटेला गेली. पुन्हा शिट्टी. तिसऱ्यांदा त्यानं जबडा आवळून फक्त कबड्डीच म्हटलं. मी बघत होतो. त्याच्या मानेच्या शिरा टरटरल्या, आवाज जाड झाला, आणि पार त्यांच्या अंगणात मधोमध तो नुसताच थांबला. तोंड उघडं. आवाज नाही. त्यांनी त्याला हातसुद्धा जोरात लावला नाही.

मला तेव्हा काय वाटलं ते लिहितो, नाहीतर हे सगळं लिहिण्यात काही अर्थ नाही. मला आनंद झाला. थंडीत गरम चहा पोटात उतरावा तसा. आणि त्या आनंदात मी असा खेळलो की आधी कधी खेळलो नव्हतो, पुढंही कधी नाही. त्यांचा नावाजलेला चढाईवाला शेवटी शेवटी माझ्या कोपऱ्यात आला. मी पालथा पडलो आणि त्याचा घोटा हातात आला तो सुटलाच नाही. त्यांच्याच लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही थोडक्यात हरलो. साहेबांनी बोटानं खूण करून मला बोलावलं.

एस.टी.तून फाट्यावर उतरून आम्ही गावाकडं चालायला लागलो. ऊन कलत होतं. बाकीची पोरं पुढं गेली. मला वाटत होतं, आता आबा काहीतरी बोलतील. नोकरी लागली होती मला! आबांनी भाच्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं बांधावरून चालू लागले. आबा त्याच्याकडं वाकून काहीतरी सांगत होते. समजूत घालत असणार. मी मुद्दाम मागं राहिलो, सगळ्यांच्या बनियनांची पिशवी घेऊन. तो हात गावापर्यंत खांद्यावरून निघाला नाही. सगळं मिळालं आणि तो हात नाही मिळाला. मी मनात म्हटलं, जा, ह्याला आणखी कशातनं पाडायचं आता?

पुढचं काही सांगण्यासारखं नाही. मी खडकीला गेलो, काही वर्षं कारखान्याकडून खेळलो, गुडघा गेल्यावर खेळ सुटला, नोकरी राहिली. भाचा गावात राहिला. "ऐनवेळी दम तुटलेला" असं त्याच्याबद्दल लोक त्याच्यासमोर म्हणायचे, आणि त्याच तोंडानं माझं कौतुक. आमचं शेत त्यानंच केलं. आबांचं शेवटचं आजारपण त्यानं काढलं. मी पोचलो तेव्हा आबांची वाचा गेली होती, आणि मान त्याच्या मांडीवर होती. त्याही वेळी मी आधी त्या मांडीकडं बघितलं, मग आबांकडं. इतका मी त्यात बुडालेलो होतो.

मंडळ त्यानं उभं केलं. कबड्डीचा दम बसावा म्हणून कापणीच्या दिवसांत पोरांना भाताचे भारे डोक्यावर देऊन बांधावरून कबड्डी म्हणत चालवायचा. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. त्याच पोरांनी पुण्याहून चषक आणला. त्यालाही इतिहासात मी एक वाक्य दिलंय. एकच.

गेल्या आठवड्यात कागद द्यायला गावी गेलो. तो खाचरात एकटाच रेघा मारत होता, अजून राखेच्याच. घमेलं बगलेत, मूठ सोडत मागं मागं येत होता. मी बांधावरून उतरलो.

"पुण्याच्या सामन्याचं सांगायचंय," मी म्हटलं.

"आता कशाला उकरतुया?"

"कबड्डी म्हनायचं ते मला आदीच म्हाईत व्हतं. पौडच्या मास्तरांनी सांगितलं व्हतं, भात निघालं तवाच."

तो थांबला नाही. रेघ अर्ध्यात सोडली तर जोड दिसतो. कोपऱ्यापर्यंत रेघ नेली, मग घमेलं खाली ठेवलं.

"सूसवाले आलते. मी तुला हिरीवर इचारलं व्हतं."

"व्हय."

"तू हसलास. पानी उडवलंस माझ्या आंगाव."

"व्हय."

त्यानं हाताची राख झटकली. मारेल असं वाटलं. मारावं असंही वाटलं. एवढ्या वर्षांत तो पहिल्यांदाच हसत नव्हता. डोंगराकडं बघत म्हणाला, "मामांना म्हाईत व्हतं ह्ये?"

"न्हाई."

"मंग बरं झालं."

"का?"

"का म्हंजी? त्या दिशी फाट्यावरनं येताना वाटंभर मामा तुझंच सांगत व्हते. दादाची पकड बगितलीस का, म्हनं. इळ्याम्होरं भाताची मूठ यावी तसा घोटा आला त्याच्या हातात, म्हनं. पुन्यांदा पुन्यांदा तेच. मला हितं रडू फुटतंय, आन् मामांचं आपलं दादा आन् दादा. खांद्याव हात ठेवल्याला, सुटून पळता बी यीना." तो थुंकला. "लई जळलो मी तुझ्याव त्या दिशी."

 बांधावर आबा बसायचे ती जागा समोरच होती.

"आजून काय म्हनले?" मी विचारलं. लाज सोडून विचारलं.

"ते आता मला इचारू नगंस," तो म्हणाला. घमेलं उचललं. "माझं काय ते मी बगीन नंतर. सरक, रेघंव उभा हायेस."

मी सरकलो. तो वाकून पुढची रेघ मारायला लागला.

जे केलं त्याची लाज मला आहे, आणि ती राहील. पण खरं लिहायचं तर खाचरातल्या त्या भेटीपासून मला जे खातंय ते वेगळंच आहे. माझ्याबद्दलचे माझ्या बापाचे शब्द त्यालाच मिळाले, आणि उरलेले अजून त्याच्याचकडं आहेत. त्यासाठीही मी त्याच्यावर जळतो. त्या संध्याकाळी मी पिशवी घेऊन मुद्दाम मागं राहिलो होतो. जरा पाय उचलले असते तर मला ऐकू आलं असतं.